केकवरची चेरी आणि घाटातले करवंद

महाड म्हटले की विद्यार्थ्यांना दोन गोष्टी चटकन आठवतात. एक म्हणजे १६७४ साली जेथे शिवराज्याभिषेक झाला तो रायगड आणि दुसरी म्हणजे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्याचे पाणी ओंजळीत घेतले ते चवदार तळे. या दोन्ही गोष्टी पाठ्यपुस्तकात आहेत आणि त्या तशा असायलाच हव्यात. परंतु या भागातील एक तिसरी, अगदी लहानशी गोष्ट कोणत्याही पुस्तकात नाही. मे महिन्यात महाडहून पोलादपूरला आणि तेथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे निघालात, तर वळणावळणावर बायका आणि मुले टोपल्या घेऊन बसलेली दिसतात. टोपलीत काळीभोर करवंदे असतात आणि ती पानाच्या द्रोणात भरून मिळतात. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीला घेऊन मी या रस्त्याने गेलो आणि त्या प्रवासात एका फळाच्या नावाचा जो शोध सुरू झाला, त्याची ही हकिगत.

महाडला एस.टी. स्टँडजवळच्या एका बेकरीतून भाचीने केकचे दोन तुकडे घेतले. प्रत्येकावर पांढऱ्या क्रीमच्या मधोमध एकेक लालचुटुक चेरी होती. एक तुकडा तिने तेथेच संपवला आणि दुसरा घाटासाठी राखून ठेवला. पोलादपूर मागे पडले, चढण लागली आणि एका वळणावर आम्ही पाय मोकळे करायला थांबलो. सावलीत एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती.

"मामा, ही काळी कसली फळं?" भाचीने विचारले.

"डोंगराची मैना हाय बाय. खाऊन तर बघ," म्हातारीनेच उत्तर दिले.

भाचीने एक करवंद तोंडात टाकले. ओठांना चीक लागला तशी तिने तोंड वाकडे केले आणि हळूच मला म्हणाली, "यापेक्षा चेरी चांगली."

मी म्हणालो, "तुझ्या केकवर आहे तेही बहुतेक करवंदच आहे."

मामा नेहमीप्रमाणे थट्टा करतो आहे अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिले. विज्ञानात काम करणाऱ्या माणसाला अशी नजर परवडत नाही. पुरावा देणे भाग होते. आम्ही राखून ठेवलेल्या तुकड्यावरची चेरी उचलली, टाचणीने उघडली आणि आत पाहिले. आत काय निघाले ते पुढे सांगतो. त्याआधी मूळ चेरीची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

एका फळाचा लांबचा प्रवास

खरी चेरी म्हणजे प्रुनस या प्रजातीतील फळ. गोड चेरीचे शास्त्रीय नाव प्रुनस एव्हियम, आंबट चेरीचे प्रुनस सेरासस. बदाम, पीच, जर्दाळू आणि आलुबुखार ही तिची जवळची भावंडे. या सगळ्यांच्या फळाची रचना सारखीच असते: बाहेर पातळ साल, मध्ये गर आणि आत कठीण कवचाची एकच बी. वनस्पतिशास्त्रात अशा फळाला अश्मगर्भी फळ म्हणतात. आपला आंबाही याच गटातला.

प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे की, ल्युकुलस या सेनापतीने मिथ्रिडेटिस राजावर विजय मिळवण्यापूर्वी इटलीत चेरीची झाडे नव्हती आणि त्यानेच ती काळ्या समुद्राकाठच्या पाँटस प्रांतातून रोमला आणली. ही गोष्ट इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातली. त्या किनाऱ्यावर केरासूस नावाचे गाव होते. आज ते तुर्कस्तानात आहे आणि त्याला गिरेसून म्हणतात. लॅटिन भाषेतील 'सेरासस' हा शब्द आणि या गावाचे नाव यांचे नाते स्पष्ट दिसते. मात्र युरोपातील अश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात रानटी चेरीच्या बिया सापडल्या आहेत. तेव्हा ल्युकुलसने चेरी 'आणली' याचा अर्थ इतकाच घ्यायचा की, त्याने लागवडीतील सुधारित जात आणली असावी. रानात जे होते त्याची नोंद कोणी घेतली नाही. सेनापतीने मिरवत आणले त्याचा मात्र इतिहास झाला. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण आपल्याला पुन्हा त्याच्याकडे यायचे आहे.

'चेरी' या शब्दाचीही एक गंमत आहे. नॉर्मन लोकांच्या फ्रेंच बोलीत या फळाला 'शेरीज'सारखा शब्द होता. इंग्लंडमधील लोकांना शेवटच्या 'ज' मुळे तो अनेकवचनी वाटला, म्हणून त्यांनी तो शेवटचा उच्चार काढून टाकला आणि 'चेरी' हे एकवचन तयार केले. म्हणजे हे नावच मुळात एका गैरसमजातून जन्माला आले आहे!

भारतातील मैदानी प्रदेशात चेरी कधी रुजली नाही, पण काश्मीरमध्ये रुजली. १५८६ साली अकबराने काश्मीर जिंकले. जहांगीराने आपल्या आठवणींत लिहिले आहे की, त्यापूर्वी काश्मीरमध्ये ही चेरी नव्हती. मुहम्मद कुली अफशार याने ती काबूलहून आणून लावली. चेरीचे फारसी नाव 'गिलास'. परंतु तशाच नावाने पालही ओळखली जाई, म्हणून अकबराने या फळाला 'शाह आलू' असे नवे नाव दिले, असेही जहांगीर सांगतो. बादशहाला खाताना पालीची आठवण नको होती, म्हणून फळाचे नाव बदलले. फळांची नावे अशीही ठरतात.

सह्याद्रीत चेरी का नाही?

येथे विद्यार्थी विचारतील की, काश्मीरमध्ये लागली ती महाबळेश्वरला का लागत नाही? महाबळेश्वरही थंड हवेचे ठिकाण आहेच की! हा प्रश्न चांगला आहे, कारण 'थंड' या शब्दाचा अर्थ झाडाच्या दृष्टीने काय, ते त्यातून कळते.

चेरीचे झाड हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. त्याच्या कळ्या पुन्हा जागृत होण्यासाठी पुरेसा काळ थंडी मिळावी लागते. बागायतदार हा काळ तासांत मोजतात. गोड चेरीच्या बहुतेक जातींना साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खालचे ८०० ते १००० तास लागतात. १००० तास म्हणजे जवळजवळ ४२ दिवस आणि ४२ रात्री. एखाद्या रात्री कडाका पडून चालत नाही. झाड जणू थंडीचा हिशेब ठेवते आणि तो पुरा झाल्याशिवाय फुलत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीचे महाबळेश्वर आपल्याला मुंबईच्या मानाने गार वाटते, पण विषुववृत्तापासून ते जेमतेम १८ अंश उत्तरेला आहे. वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे हिमकण दिसले म्हणून हजार तासांची भरपाई होत नाही.

इंग्रजांना मात्र मायदेशाची आठवण करून देणारी फळे हवी होती. जनरल लॉडविक १८२४ साली या पठारावर चढून आला आणि त्यानंतर मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून १८२८-२९ च्या सुमारास येथे आरोग्यस्थान वसवले. त्या काळात मुंबईहून येणारे अनेक साहेबलोक जहाजाने बाणकोटच्या खाडीत शिरत, सावित्री नदीतून महाडपर्यंत येत आणि तेथून पोलादपूरमार्गे पार घाट चढून वर जात. सावित्री महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर आणि महाडवरून बाणकोटला समुद्राला मिळते, म्हणजे हा सारा प्रवास नदीच्या मुखाकडून उगमाकडे होत असे. वर गेल्यावर बटाटा, युरोपीय भाजीपाला आणि स्ट्रॉबेरी यांची लागवड झाली. स्ट्रॉबेरीच्या रोपाला चेरीसारखी लांबलचक थंडी लागत नाही, म्हणून ती टिकली. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

आता एक गोष्ट पाहा. साहेबलोक महाबळेश्वरला जात ते उन्हाळ्यात, म्हणजे नेमके करवंदांच्या दिवसांत. पालखीच्या दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या काळ्या फळांनी लगडलेल्या असणार. रस्त्यावर फळ होते, पण ज्याची आठवण होती ते फळ दुसरेच होते.

चेरीची 'चेरी' कशी झाली?

ताजी चेरी हे नाजूक फळ आहे. केळे किंवा आंबा कच्चा उतरवून अढीत पिकवता येतो, चेरी तशी पिकत नाही. ती झाडावरच पिकावी लागते आणि उतरवली की तिचे दिवस भरत येतात. त्यामुळे ती टिकवण्याचे उपाय माणसाने फार पूर्वीपासून शोधले. एड्रियाटिक समुद्राच्या काठी डाल्मेशिया प्रांत आहे. आज तो क्रोएशियात आहे. तेथे 'मरास्का' नावाची लहान, आंबट, काळपट चेरी होते. झादर या गावात तिच्यापासून मरास्किनो नावाचे मद्य बनवीत आणि त्यातच चेरी मुरवून ठेवीत. एकोणिसाव्या शतकात ही 'मरास्किनो चेरी' श्रीमंतांच्या मेजवान्यांत मिरवू लागली.

मागणी वाढली तसे अनुकरणही सुरू झाले. अमेरिकेत साध्या चेरी रंगवून, साखरेत घालून याच नावाने विकल्या जाऊ लागल्या. १९०६ साली तेथे अन्नशुद्धतेचा कायदा झाला आणि १९१२ साली सरकारने निर्णय दिला की, मरास्का चेरी मरास्किनो मद्यात मुरवली असेल तरच तिला मरास्किनो चेरी म्हणावे. बाकीच्यांवर नक्कल असल्याचे लिहावे. पुढे ऑरेगन राज्याच्या कृषी महाविद्यालयात अर्नेस्ट विगँड या संशोधकाने १९२० च्या दशकात चेरी टिकवण्याच्या पद्धतीवर काम केले. खारवण्याच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार मिसळले तर चेरी लिबलिबीत न होता टणक राहते, हे त्याच्या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. त्यातून मोठा उद्योग उभा राहिला, मद्याची गरज उरली नाही आणि १९४० साली त्याच सरकारने मान्य केले की, रंगवलेल्या, साखरेत मुरवलेल्या चेरीलाच लोक आता मरास्किनो चेरी म्हणतात, तेव्हा तेच तिचे नाव. १९१२ साली जी नक्कल होती, ती २८ वर्षांनी अस्सल ठरली.

या पद्धतीत जे घडते त्याचा विचार केला तर एक नवल लक्षात येते. आधी सल्फर डाय-ऑक्साइडच्या द्रावणात फळाचा नैसर्गिक रंग उडवतात. मग तो सल्फर डाय-ऑक्साइड काढून टाकण्यासाठी फळ पाण्यात उकळून धुतात. त्यात फळाची बरीचशी चव आणि वास निघून जातो. उरतो तो फक्त पेशींचा टणक सांगाडा. त्यात बाहेरून साखर, बाहेरून रंग आणि बाहेरून वास भरतात. फळाचे स्वतःचे असे जवळजवळ काहीच उरत नाही, उरतो तो आकार. आणि केवळ आकारच हवा असेल, तर तो चेरीचाच कशाला हवा?

करवंद चेरी कसे बनते?

याच प्रश्नाच्या उत्तरात भारतातील बेकरीची चेरी जन्मली. काश्मीर आणि हिमाचलची चेरी थोडी आणि महाग. तिच्याच आकाराचे, टणक, स्वस्त फळ हवे होते आणि ते देशभर कुंपणांवर वाढत होते. हिंदीत त्याला करौंदा म्हणतात, आपण करवंद. केकवर, बनपावात, आइस्क्रीमवर आणि पानाच्या विड्यावर जी लाल चेरी असते, ती बहुतेक वेळा करवंदाचीच असते. पाकिटावरील घटकांची यादी बारकाईने वाचली तर अनेकदा 'करोंदा' हा शब्द तेथे सापडतोही. तिच्याच शेजारी असणारी रंगीबेरंगी टुटीफ्रुटी ही कच्च्या पपईची, हे पुष्कळांना ठाऊक असते. चेरीचे गुपित मात्र तितके फुटलेले नाही.

यासाठी घाटातले पिकलेले काळे करवंद चालत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. बागेत लावलेल्या, मोठ्या फळांच्या जातींची करवंदे त्यासाठी कच्ची असतानाच तोडतात. उत्तर भारतात अशी लागवड बरीच आहे; पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने पंत मनोहर, पंत सुदर्शन आणि पंत सुवर्णा या जाती दिल्या आहेत. आपल्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळांची जात काढली आहे.

कच्च्या करवंदाला चीर देऊन बिया काढतात आणि ते मिठाच्या पाण्यात ठेवतात. कच्च्या करवंदात पेक्टिन भरपूर असते. पेक्टिनचे लांबलचक रेणू पेशींना एकमेकांशी बांधून ठेवतात. कॅल्शियमचा क्षार घातला की कॅल्शियमचे आयन शेजारशेजारच्या पेक्टिन साखळ्यांमध्ये टाके घातल्यासारखे बसतात आणि फळ शिजवले तरी टणक राहते.

नंतर रंग. यासाठी एरिथ्रोसिन हा लाल रंग वापरतात. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. हा रंग उदासीन द्रावणात विरघळतो, पण द्रावण आम्लधर्मी झाले की अविद्राव्य होतो. म्हणून आधी तो फळात मुरवायचा आणि मग सायट्रिक आम्ल घालायचे. रंग फळाच्या आत अडकून बसतो, बाहेर झिरपत नाही. केकवरच्या पांढऱ्या क्रीमला लाल डाग का पडत नाही, त्याचे उत्तर हे आहे. या रंगाचे भारतात अनुमत रंगांच्या यादीत नाव आहे आणि त्याचे प्रमाण कायद्याने मर्यादित केलेले आहे. अमेरिकेने मात्र नर उंदरांवरील जुन्या प्रयोगांत मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या गाठी आढळल्या होत्या, त्या आधारावर जानेवारी २०२५ मध्ये या रंगाची खाद्यपदार्थांतील परवानगी रद्द केली आणि उत्पादकांना जानेवारी २०२७ पर्यंतची मुदत दिली. उंदरांमध्ये ज्या प्रकारे हा परिणाम घडतो तो माणसात तसा घडत नाही, असेही त्याच वेळी सांगण्यात आले. पण तेथील कायद्याचे कलम कडक आहे. केकवरची एखादी चेरी खाल्ल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण आपण काय खातो ते ठाऊक असणे बरे.

शेवटी साखर. एकदम घट्ट पाकात फळ टाकले तर परासरणामुळे त्यातले पाणी झपाट्याने बाहेर येते आणि फळ सुरकुतते. म्हणून सुमारे ३० ते ४० टक्के साखरेच्या पाकापासून सुरुवात करून रोज थोडी थोडी साखर वाढवत ७० टक्क्यांच्या पुढे नेतात. पाणी सावकाश बाहेर येते, साखर सावकाश आत जाते. मुरलेल्या फळात मग सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे पाणीच उरत नाही, म्हणून ते महिनोन्महिने टिकते. आपल्या घरी मोरावळा होतो तोही याच तत्त्वावर.

करवंदाचे स्वतःचे चरित्र

आता ज्याने आपले नाव गमावले त्या फळाकडे वळू. करवंदाला संस्कृतात करमर्द म्हणतात आणि सुश्रुतसंहितेसारख्या जुन्या वैद्यकग्रंथांत त्याचा उल्लेख आहे. ज्याने करवंदे तोडली आहेत त्याला 'हाताला पीडा देणारे' हा या नावाचा अर्थ सहज पटेल, कारण जाळीतले दुबेळके काटे हात सोलून काढतात.

१५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्टा या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. भारतातील औषधी वनस्पतींवर दोन माणसांनी केलेला संवाद असे त्याचे स्वरूप आहे आणि त्यातील एका प्रकरणात वेलदोड्याबरोबर 'करंडास'ची चर्चा आहे. करवंदाची युरोपीय भाषेतील ही फार जुनी नोंद आहे आणि ती आपल्या कोकणपट्टीला लागून असलेल्या गोव्यात झाली. पुढे १७६७ साली लिनियसने या वनस्पतीला शास्त्रीय नाव दिले ते 'कॅरिसा करंडास'. म्हणजे शास्त्रीय नावाचा दुसरा अर्धा भाग हा आपल्याच शब्दाचे लॅटिन रूप आहे. ज्या फळाचे देशी नाव लिनियसने जपले, ते बेकरीने पुसले! सह्याद्रीतील रानटी करवंदीला 'कॅरिसा कन्जेस्टा' असेही एक नाव पुस्तकांत आढळते.

करवंद हे रुई, कण्हेर आणि सदाफुली यांच्या कुळातले. या कुळाची खूण म्हणजे चीक. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाळ्यांवर पांढरी, जाईसारखी सुवासिक फुले येतात आणि मे महिन्यात फळे पिकतात. फळ अश्मगर्भी नाही. त्यात एकाच टणक बीऐवजी गरात रुतलेल्या तीन-चार चपट्या बिया असतात. अशा फळाला वनस्पतिशास्त्रात मृदुफळ म्हणतात.

आता आमच्या केकवरच्या चेरीकडे येऊ. ती उघडली तेव्हा आत बी नव्हती. एका बाजूला चाकूची चीर होती आणि आतल्या पोकळीच्या कडेला एक चपटे, फिकट तपकिरी बी चिकटून राहिले होते. कारखान्यातल्या हातांतून ते निसटले असावे. मी म्हातारीच्या टोपलीतले एक करवंद फोडले आणि त्यातले बी काढून शेजारी ठेवले. दोन बिया, एक आकार. भाचीने दोन्हीकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस करवंदच खात होते?"

म्हातारीला हे सगळे समजावून सांगावे लागले. केकवरचा तो लाल गोळा तिने हातात घेतला, वास घेतला आणि परत दिला. "ह्याला वासच न्हाय," ती म्हणाली.

सल्फर डाय-ऑक्साइड आणि उकळते पाणी यांबद्दल मी वर जे दोन परिच्छेद लिहिले, त्यांचे सार या एका वाक्यात आहे.

जाळीची किंमत

येथपर्यंतची कथा गमतीची आहे. पुढची तितकी नाही.

करवंदीची जाळी कोणी लावत नाही. ती माळावर, बांधावर, घाटाच्या कडेला आपली आपण वाढते. काट्यांमुळे आणि चिकामुळे गुरे तिला फारशी तोंड लावत नाहीत. त्यामुळे तिच्या आडोशाला दुसऱ्या झाडांची कोवळी रोपे जगतात. उघड्या पडलेल्या डोंगरावर रान परत येते ते पुष्कळदा अशा जाळ्यांच्या आधाराने. बुलबुलासारखे पक्षी फळे खाऊन बिया दूरवर टाकतात. आणि रानाजवळ राहणाऱ्या कातकरी, धनगर आणि कुणबी कुटुंबांना पावसापूर्वीच्या त्या हातघाईच्या दिवसांत चार पैसे मिळतात. भातपेरणी तोंडावर आलेली असते, घरातले धान्य संपत आलेले असते, तेव्हा भांडवल न घालता मिळणारे हे उत्पन्न असते. पिकलेले करवंद दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, म्हणून ते दूरच्या बाजारात जात नाही. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे वाटसरू. हे फळ आणि हा प्रवास एकमेकांना बांधलेले आहेत.

म्हणून रस्ता बदलला की फळाचे नशीबही बदलते. पूर्वी १७ क्रमांकाचा आणि आता ६६ क्रमांकाचा असलेला मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला. पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटाला बोगद्याचा पर्याय झाला. अपघात कमी व्हावेत आणि वेळ वाचावा यासाठी हे आवश्यकच होते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु बोगद्यातून जाणारी गाडी जुन्या घाटाच्या वळणावर थांबत नाही. दुसरीकडे माळ साफ करताना पहिली कुऱ्हाड जाळीवर पडते, कारण कागदोपत्री ती 'झुडूप' असते. उन्हाळ्यात लावलेले वणवे ऐन फळांच्या वेळी जाळ्या भाजून काढतात.

यात आणखी एक नुकसान आहे, ते शाळेत होते. बालवाडीच्या तक्त्यावर लाल चेरीचे चित्र असते. पोलादपूरच्या वाडीवरचे मूल ते चित्र पाहून 'चेरी' म्हणायला शिकते. हे फळ त्याने कधी पाहिलेले नसते. त्याच्या घरामागच्या जाळीतले फळ तक्त्यावर नसते, म्हणून ते 'शिकण्यासारखे' नाही असे त्याला न सांगताच समजते. त्या मुलाला कोणत्या जाळीची करवंदे गोड, कोणती आधी पिकतात, फूल कधी आले म्हणजे फळ कधी येईल, हे सगळे ठाऊक असते. हे निरीक्षण आहे, म्हणजे विज्ञानाची पहिली पायरी आहे. आपण मात्र ती पायरी गाळून त्याला एका परदेशी फळाचे नाव पाठ करायला लावतो. ल्युकुलसच्या गोष्टीतला रानटी चेरीचा मुद्दा येथे पुन्हा भेटतो. रानात जे होते ते कोणी टिपले नाही.

वर्गात काय करता येईल?

हा दोष दूर करण्यासाठी फार खर्च लागत नाही. शिक्षकांना सहज करता येतील अशा चार गोष्टी सुचवतो.

पहिली, रंगाची. पिकलेल्या करवंदांची साल कोमट पाण्यात कुस्करून गाळून घ्यावी. त्यात अँथोसायनिन रंगद्रव्ये असतात. या पाण्याचे तीन भाग करावेत. एकात लिंबाचा रस, एकात खाण्याच्या सोड्याचे द्रावण घालावे आणि तिसरा तसाच ठेवावा. आम्लात लाली उजळते, सोड्याने ती जाऊन निळसर-हिरवट छटा येते. बाजारातून लिटमस आणण्याची गरज नाही.

दुसरी, 'कोंबडा की कोंबडी'ची. करवंद फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी, हा खेळ आपण सगळ्यांनी खेळला आहे. तो वहीत नोंदवावा. एका जाळीची पन्नास आणि दुसऱ्या जाळीची पन्नास फळे फोडून दोन्हींचे प्रमाण काढावे. हा फरक जाळीजाळीत असतो की फळाच्या पिकण्याच्या अवस्थेत, हे मुलांनीच ठरवावे. खेळ तोच राहतो, पण त्याला प्रश्न जोडला जातो.

तिसरी, जाळीची नोंदवही. शाळेजवळच्या दोन जाळ्या निवडून पहिले फूल, पहिले पिकलेले फळ आणि पहिला पाऊस यांच्या तारखा दरवर्षी लिहाव्यात. दहा वर्षांत शाळेकडे हवामानाचा एक असा अभिलेख तयार होईल, जो महाड-पोलादपूरच्या कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही.

चौथी, आम्ही घाटात केली ती. बेकरीची एक चेरी आणि एक करवंद शेजारी ठेवून दोन्ही उघडावीत. आधी 'काय वाटते' ते लिहावे, मग 'काय दिसते' ते.

निघताना भाचीने आणखी एक द्रोण मागितला. पैसे देताना तिने म्हातारीला विचारले, "आजी, पुढच्या वर्षी इथंच बसाल ना?"

म्हातारीने वरच्या उतारावर हात दाखवला. तिकडे दोन जाळ्यांच्या जागी ताजी लाल माती उघडी पडली होती आणि चुन्याच्या रेषा आखलेल्या होत्या. "जाळी ऱ्हायली तर बसंन की," ती म्हणाली.

गाडी सुरू झाली. केकचा उरलेला तुकडा भाचीने मला देऊन टाकला आणि एकेक करवंद फोडून, कोंबडा की कोंबडी ते पाहून, ती खात बसली. महाबळेश्वर येईपर्यंत तिचे ओठ जांभळे झाले होते आणि वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने भरले होते.